कार्डिनल बेसिल ह्यूम: मठातला साधू, शाळेतला मास्तर, रग्बीचा कोच. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कोण? दोन ओळींत सांगा.

जॉर्ज बेसिल ह्यूम, १९२३ ते १९९९. इंग्लंडमधले बेनेडिक्टाईन मंक, म्हणजे मठात राहणारे कॅथलिक साधू. यॉर्कशायरमधल्या अँपलफर्थच्या शाळेत भाषेचे मास्तर, तिथल्या रग्बी टीमचे कोच, मग मठाचे प्रमुख म्हणजे अ‍ॅबट, आणि १९७६ पासून मरेपर्यंत लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप (तिथल्या कॅथलिकांचे वडीलधारे) आणि कार्डिनल, म्हणजे पोप निवडायला मत देणाऱ्या बड्या धर्माधिकाऱ्यांपैकी एक. दोन ओळींत मावलं नाही, पण माणूसच तसा आहे. जगाला ते कार्डिनल म्हणून माहीत, पण मला विचाराल तर खरा माणूस त्याआधीच्या पस्तीस वर्षांत घडला, मठ, वर्ग, वसतिगृह आणि मैदान यांच्यात, आणि तिथल्या सवयी घेऊनच ते लंडनला गेले. चांगल्याही आणि एक फार महागात पडलेलीही. म्हणून खाली शाळेबद्दलच जास्त लिहिलंय.

मंक म्हणजे आपल्या कॉन्व्हेंट शाळेतले फादर ना?

नाही, आणि हा घोळ फार जणांचा होतो. मुंबईचं सेंट झेवियर्स किंवा पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स चालवणारे फादर जेझुइट, माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचे सेलेशियन. हे लोक व्रतस्थ असतात पण मंक नसतात, आज या शाळेत तर उद्या दुसऱ्या शहरात, वरून ऑर्डर आली की बॅग उचलायची. वसईकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ते तिसऱ्याच प्रकारचे, धर्मप्रांताचे धर्मगुरू, लोकांत राहून चर्च सांभाळणारे.

बेनेडिक्टाईन मंकचं वेगळं असतं. तो जी व्रतं घेतो त्यातलं एक म्हणजे स्थिरतेचं, की मी ज्या मठात आलो त्याच मठाचा आयुष्यभर. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टनं ७३ छोट्या प्रकरणांची नियमावली लिहिली, तीच आजही चालते. झोपायचं कसं, जेवताना वाचन कोणी करायचं, आजाऱ्याकडे कसं बघायचं, उशिरा आलेल्यानं कुठं उभं राहायचं, सगळं त्यात आहे. वाचायला घेतली तर धर्मग्रंथापेक्षा घर चालवण्याच्या सूचनाच जास्त वाटतात.

घरचे कसे होते? लहानपण?

२ मार्च १९२३ ला न्यूकॅसलमध्ये जन्म. वडील सर विल्यम ह्यूम, हृदयविकाराचे नावाजलेले डॉक्टर, आणि प्रोटेस्टंट. आई फ्रेंच, लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, पक्की कॅथलिक. पाच भावंडं, घरात फ्रेंच चालायचं, म्हणून पुढे ते शाळेत फ्रेंच शिकवायला लागले यात नवल काहीच नाही.

घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण ते १९३० च्या दशकातलं न्यूकॅसल होतं, जहाजबांधणी बसलेली, हजारो माणसं बेकार. तिथले एक डॉमिनिकन (हा आणखी एक कॅथलिक संघ) फादर पोरसवदा जॉर्जला सोबत घेऊन गरीब वस्त्यांतून फिरायचे. धर्मगुरू व्हायचं हे डोक्यात तिथं बसलं म्हणतात, आणि आधी डॉमिनिकनच व्हायचं चाललं होतं. पण शिकायला अँपलफर्थला गेले आणि तिथलेच झाले.

मठात १९४१ ला गेले म्हणजे भर युद्धात? मग सैन्यात का नाही गेले?

बरोबर पकडलंत. अठरा वर्षांचे होते, बरोबरीची पोरं युनिफॉर्म चढवत होती आणि हे काळा झगा. मठात शिकाऊ म्हणून जाणाऱ्यांना भरतीतून सूट होती, त्यामुळे कायद्यानं काही अडचण नव्हती, पण आपण केलं ते बरोबर का हा प्रश्न त्यांच्या मनात होता आणि पुढे त्यांनी तो लपवलाही नाही. मठात शिरताना बेसिल हे नाव मिळालं. १९४५ ला कायमची व्रतं, ऑक्सफर्डला इतिहास, मग स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गला ईश्वरविद्या, आणि २३ जुलै १९५० ला धर्मगुरू म्हणून दीक्षा.

अँपलफर्थ ही काय जागा आहे?

उत्तर यॉर्कशायरमधली एक दरी. वर मठ, चर्च आणि शाळा, खाली उतारावर मैदानं. १८०२ पासून मंक तिथं आहेत, पण त्यांची मुळं फार मागे जातात. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीनं इंग्लंडातले मठ मोडले, कॅथलिक राणी मेरीच्या काळात लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत थोडे दिवस मंक परत आले, मग पहिल्या एलिझाबेथनं तेही बंद केलं. त्यातला एकच मंक मागे उरला, सिगबर्ट बकली, तुरुंगात आयुष्य गेलेलं. १६०७ मध्ये, नव्वदीच्या आसपास असताना, त्यानं दोन तरुण इंग्रज मंकना आपल्या परंपरेत घेतलं, म्हणजे धागा अक्षरशः एका म्हाताऱ्या माणसावर टिकला. मग हे लोक फ्रान्समध्ये डिएलुआर्डला राहिले, फ्रेंच राज्यक्रांतीत तिथूनही पळ काढावा लागला, आणि हिंडत हिंडत अँपलफर्थला आले. बकली हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळा आणि मठ एकत्रच. शाळेतल्या ओक लाकडाच्या टेबलखुर्च्यांवर कुठेतरी एक कोरलेला उंदीर सापडतो, कारण त्या जवळच्या किलबर्न गावच्या रॉबर्ट थॉम्पसन नावाच्या सुतारानं बनवल्यात आणि उंदीर ही त्याची सही. नवीन आलेली पोरं आधी उंदीर शोधत बसत असणार हे सांगायला नको.

मंकचा दिवस प्रार्थनेत जातो ना, मग शाळा कधी?

मधल्या फटींत, आणि गंमत तीच आहे. पहाटे उठून चर्चमध्ये स्तोत्रं, मग मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मग वर्ग, दुपारी परत थोडी प्रार्थना, मग मैदान, संध्याकाळी वेस्पर्स म्हणजे सांजप्रार्थना, जेवण, मग पोरांच्या अभ्यासावर लक्ष, आणि दिवसाची शेवटची प्रार्थना झाली की मठात बोलणं बंद. नियमावलीत लिहिलंय की घंटा झाली की हातातलं काम आहे तिथं सोडून निघायचं, पत्रातलं वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. आता कल्पना करा, समोर वह्यांचा ढीग, दारात एक रडवेला पोरगा, दुसऱ्या दिवशी मॅच, आणि घंटा वाजते. मठ म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बोर्डिंग शाळा बघितलेली नसते.

पगार मिळायचा का?

मंकच्या नावावर काहीच नसतं. पेनसुद्धा मठाचं. शिकवण्याचे जे काही पैसे ते मठाच्या खात्यात.

काय शिकवायचे? मास्तर म्हणून कसे होते?

मुख्यतः फ्रेंच. आधुनिक भाषा विभागाचे प्रमुख होते आणि तरुण मंकना ईश्वरविद्याही शिकवायचे. पण वर्गापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे १९५५ पासून आठ वर्षं ते सेंट बीड्स हाऊसचे हाऊसमास्टर होते. तिकडच्या बोर्डिंगमध्ये शाळा वेगवेगळ्या हाऊसमध्ये वाटलेली असते, आणि हाऊसमास्टर म्हणजे आपल्याकडच्या हॉस्टेलचा रेक्टर अधिक क्लास टीचर अधिक अर्धा बाप. पोरगं सिगरेट ओढताना सापडलं तर यांच्याकडे, घरून वाईट बातमी आली तर यांच्याकडे, टीममधून नाव कापलं गेलं म्हणून जेवत नाही तरी यांच्याकडेच.

बेनेडिक्टच्या नियमावलीत अ‍ॅबट कसा असावा यावर मोठा मजकूर आहे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, कुणाला दटावून जमतं, कुणाला चुचकारून, अ‍ॅबटनं स्वतःला त्याप्रमाणे बदलायचं. लोकांनी भिण्यापेक्षा प्रेम करावं असं बघायचं. आणि महत्त्वाचा निर्णय असला की सगळ्यांना बोलवायचं, सगळ्यात धाकट्यालाही, कारण कधीकधी देव धाकट्याच्या तोंडून बोलतो. हे सगळं लिहिलंय मंकसाठी, पण सोळा वर्षांच्या पोरांचं हाऊस चालवायला याहून चांगलं मॅन्युअल मला तरी माहीत नाही, आणि ह्यूमनी ते तसंच वापरलं असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं.

खेळाडू म्हणून कितपत? इंग्लंडकडून खेळले का?

नाही हो. उगाच वाढवून सांगण्यात अर्थ नाही, ते आंतरराष्ट्रीय वगैरे नव्हते. उंच, काटक माणूस, खेळाचा पक्का शौकीन. रग्बी हा अँपलफर्थचा जीव की प्राण, आणि ह्यूम तिथल्या फर्स्ट फिफ्टीनचे, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमचे कोच होते. ज्यांनी रग्बी बघितली नाही त्यांच्यासाठी: पंधरा जणांची टीम, त्यातले आठ जण स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून वाकतात आणि समोरच्या आठ जणांना रेटतात, एकानं जरी वेळ चुकवली तर अख्खी रांग कोसळते. त्यात यॉर्कशायरचा हिवाळा, चिखल, तिरका पाऊस. एकटा हुशार पोरगा इथं काही करू शकत नाही, आणि मंक कोचला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही, तो स्वतः रोज स्तोत्रं म्हणताना शेजारच्याच्या श्वासाबरोबर श्वास जुळवत असतो. याच शाळेचा लॉरेन्स डलालियो पुढे २००३ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममध्ये होता, पण तो ह्यूम शाळा सोडून लंडनला गेल्यानंतरच्या काळातला, त्याचं श्रेय यांना देऊ नका.

रग्बी सुटली तरी खेळ सुटला नाही. कार्डिनल झाल्यावरही स्क्वॉश, जॉगिंग चालू, आणि सुट्टी मिळाली की गळ टाकून मासे पकडत बसायचं. त्या काळात ट्रॅकसूट घालून पळणारा कार्डिनल ही लोकांना मोठी नवलाई होती.

फुटबॉलचं काय? न्यूकॅसलचे होते म्हणजे...

म्हणजे न्यूकॅसल युनायटेड, प्रश्नच नाही, आणि कायमचं. ते नऊ वर्षांचे असताना क्लबनं १९३२ चा एफए कप जिंकला, त्या वयात जे चिकटतं ते जात नाही. त्यांचा हिरो जॅकी मिलबर्न, ज्यानं १९५१ च्या फायनलला ब्लॅकपूलविरुद्ध दोन्ही गोल मारले आणि १९५५ च्या फायनलला पहिल्या मिनिटातच गोल केला. या मिलबर्नची सही मिळाली हा आपल्या आयुष्यातला मोठा क्षण, असं ह्यूम सांगायचे. पुढे पोप भेटले, राणी भेटली, पण मिलबर्न तो मिलबर्न.

अ‍ॅबट म्हणून काय केलं?

१९६३ मध्ये, वय चाळीस, मंकनी मतदान करून निवडलं. वेळ अवघड होती. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा चालू होती, प्रार्थनेतलं लॅटिन जाऊन इंग्रजी येत होतं, म्हातारे मंक म्हणत सगळं मोडलं, तरुण म्हणत काहीच बदललं नाही, आणि जगभर मठ सोडून जाणाऱ्यांची रांग लागलेली. ह्यूमनी मठ फुटू दिला नाही. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि मग हळूच पुढं सरकायचं, ही हाऊसमास्टरची पद्धत. काहींना ती गुळमुळीत वाटायची, आणि लंडनला गेल्यावरही तो आरोप सुटला नाही.

मठातला माणूस थेट आर्चबिशप कसा झाला?

सगळेच चक्रावले. १८५० मध्ये इंग्लंडात कॅथलिक बिशप परत नेमायला सुरुवात झाली, तेव्हापासून वेस्टमिन्स्टरला कधी मंक आला नव्हता. फेब्रुवारी १९७६ मध्ये पोप सहाव्या पॉलनी नाव जाहीर केलं, २५ मार्चला वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये सोहळा झाला आणि मे महिन्यात कार्डिनलही केलं.

आता बकली आठवा. त्याच २५ मार्चच्या संध्याकाळी ह्यूम अँपलफर्थच्या मंकना घेऊन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत गेले (कॅथेड्रल कॅथलिकांचं, अ‍ॅबी अँग्लिकनांची म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चची, दोन्ही एकाच भागात, पर्यटक नेहमी चुकतात) आणि तिथं लॅटिनमध्ये वेस्पर्स म्हटल्या. चारशेहून जास्त वर्षांनी बेनेडिक्टाईन मंकचा आवाज त्या अ‍ॅबीत घुमला. भाषण, घोषणा काही नाही, नुसती रोजची सांजप्रार्थना म्हटली आणि तीसुद्धा अँग्लिकनांच्या घरात पाहुणे म्हणून. याहून नेमकं पहिल्या दिवशी काय करता आलं असतं मला सुचत नाही.

गिल्डफर्ड फोरचं प्रकरण काय होतं?

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या पबमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे बॉम्ब फुटले. पोलिसांनी चार जणांना पकडलं, जबरदस्तीनं कबुलीजबाब घेतले, जन्मठेप. त्यातल्या गेरी कॉनलनला सोडवायला बेलफास्टहून बाप आला, जुसेप्पे कॉनलन, फुप्फुसं खराब झालेला आजारी माणूस, तर त्यालाही धरलं आणि मॅग्वायर कुटुंबासोबत स्फोटकांच्या केसमध्ये घातलं. ही केस मॅग्वायर सेव्हन म्हणून ओळखतात.

ह्यूम लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले तिथं जुसेप्पे भेटला. बोलणं झालं आणि ह्यूमची खात्री पटली की हा माणूस खोटं बोलत नाही. मला वाटतं इथं मास्तर कामाला आला, शेकडो पोरांची खरी-खोटी कारणं ऐकून कान तयार झालेला. जुसेप्पे जानेवारी १९८० मध्ये कैदेतच वारला. ह्यूमनी विषय सोडला नाही. सरकारला पत्रं, मग १९८७ मध्ये दोन माजी गृहमंत्री आणि दोन बडे माजी न्यायाधीश सोबत घेऊन गृहमंत्री डग्लस हर्ड यांच्याकडे गेले. शांतपणे कागद मांडायचे, आवाज चढवायचा नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये चौघं सुटले, १९९१ मध्ये मॅग्वायर सेव्हनची शिक्षाही रद्द झाली. आयरिश माणसाची बाजू घेणं त्या काळच्या इंग्लंडात सोपं नव्हतं, हे विसरू नका.

शाळेतल्या मुलांवरच्या अत्याचाराबद्दल ह्यूमना माहीत होतं का?

एका प्रकरणात होतं. आणि हा प्रश्न टाळून त्यांच्यावर काही लिहूच नये.

१९७५ मध्ये ह्यूम अ‍ॅबट असताना अँपलफर्थच्या लहान मुलांच्या शाळेतल्या एका मंकविरुद्ध तक्रार त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी त्याला शाळेतून हलवलं. पोलिसांना कळवलं नाही. तो माणूस धर्मगुरू म्हणून इतरत्र काम करत राहिला आणि तीस वर्षांनी, २००५ मध्ये, कोर्टात १९६६ ते १९७५ मधल्या गुन्ह्यांची कबुली दिली. ह्यूम तेव्हा हयात नव्हते. २०१८ मध्ये सरकारनं नेमलेल्या स्वतंत्र चौकशीनं अँपलफर्थ आणि डाउनसाइड या दोन्ही बेनेडिक्टाईन शाळांवर अहवाल दिला, तो वाचवत नाही. मुलांपेक्षा मठाची अब्रू जपली गेली हाच त्याचा सूर.

लोक म्हणतात तेव्हा सगळीकडे असंच करायचे. असेल. पण ती मुलं तेव्हाही मुलंच होती. हाऊस म्हणजे कुटुंब, घरातलं घरात मिटवायचं, आपल्या माणसाला रस्त्यावर आणायचं नाही, ही जी मठाची आणि बोर्डिंगची मुरलेली सवय, तिनंच ह्यूमना चांगला हाऊसमास्टर केलं आणि तिनंच इथं त्यांना चुकवलं. अनोळखी कैद्याचं ऐकून सरकारशी भिडणारा माणूस स्वतःच्या शाळेतल्या पोरांसाठी पोलिसात गेला नाही. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

पोप होणार होते म्हणतात?

१९७८ मध्ये दोनदा पोप निवडला गेला, दोन्ही वेळा ह्यूम मतदानाला होते आणि पेपरवाल्यांनी त्यांचं नाव चालवलं. झाले जॉन पॉल पहिले, ते तेहतीस दिवसांत गेले, मग जॉन पॉल दुसरे. ह्यूमची स्वतःची इच्छा परत अँपलफर्थला जायची होती, तीही पुरी झाली नाही.

राजघराण्याशी एवढी जवळीक कशी?

स्वभावानं. ३० नोव्हेंबर १९९५ ला राणी एलिझाबेथ वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये वेस्पर्सला आल्या, ब्रिटिश राज्यकर्त्यानं कॅथलिक प्रार्थनेला यायची कित्येक शतकांतली पहिली वेळ. त्याआधी १९९४ मध्ये डचेस ऑफ केंट यांना ह्यूमनी कॅथलिक चर्चमध्ये घेतलं. टेनिस बघणाऱ्यांना त्या आठवतील, १९९३ च्या विम्बल्डन फायनलनंतर रडणाऱ्या याना नोवोत्नाला खांदा देणाऱ्या त्याच.

भारताशी काही संबंध?

ह्यूमचा थेट असा नाही. पण त्यांच्यासारखेच दुसरे इंग्रज बेनेडिक्टाईन बीड ग्रिफिथ्स तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनम आश्रमात भगवी कफनी घालून राहिले. अँपलफर्थ आणि शांतिवनम, नियमावली एकच. ग्रिफिथ्सबद्दल आपल्याकडे जास्त वाचलं जातं, ते साहजिक आहे.

शेवट कसा झाला?

एप्रिल १९९९ मध्ये कॅन्सर निघाला, पसरलेला. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून सरळ कळवलं, आणि काम चालू ठेवणार हेही. अँपलफर्थच्या अ‍ॅबटना फोन केला तर ते म्हणाले अभिनंदन, किती छान बातमी, मीही सोबत आलो असतो! बाहेरच्याला हे भयंकर वाटेल, पण आयुष्यभर ज्याची तयारी केली ते आलं तर मंक मंकला दुसरं काय म्हणणार. ह्यूमना ते फार आवडलं. २ जूनला व्हीलचेअरवरून जाऊन राणीकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा ब्रिटिश सन्मान घेतला, १७ जूनला गेले. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्येच पुरलंय.

आज बघायला काय आहे?

लंडनमध्ये बेघर तरुणांसाठी त्यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं कार्डिनल ह्यूम सेंटर अजून चालू आहे, पण ते काही बघायचं ठिकाण नाही, तिथं कामाची माणसं असतात. अँपलफर्थची शाळाही चालू आहे, आता मुलीही शिकतात. मठाचं चर्च जाईल्स गिल्बर्ट स्कॉट यांचं, १९६१ ला पुरं झालेलं. पुतळा न्यूकॅसलला आहे, सेंट मेरीज कॅथेड्रलसमोर, राणीनं २००२ मध्ये अनावरण केलेला, अंगावर कार्डिनलचा लाल पोशाख नाही तर मंकचा साधा झगा आणि पायाखाली लिंडिसफार्न या जुन्या मठासाठी प्रसिद्ध बेटाच्या आकाराचा चौथरा. रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ. तिथून न्यूकॅसल युनायटेडचं सेंट जेम्स पार्क स्टेडियमही चालत जाण्यासारखं आहे, त्यामुळे मॅचच्या दिवशी जाणार असाल तर पुतळा सकाळीच बघून घ्या, दुपारी त्या रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टीशर्टशिवाय काही दिसत नाही.